आधी खिडकी बघा, मेनू नंतर: डिस्ने वर्ल्ड, तीन नातवंडं आणि आमची महागडी जेवणं

पहिल्याच रात्री आमची जी फजिती झाली तिथूनच सुरू करते, म्हणजे पुढचं सगळं का लिहितेय ते कळेल. आम्ही सात जण. मी, आमचे हे, लेक, सूनबाई आणि तीन नातवंडं. मोठी दहाची (पूर्ण दहा, गेल्याच महिन्यात झाली, हे दहा पुढे फार महागात पडलंय), मधला सहाचा आणि धाकटी तीनला दोन महिने कमी. एप्रिलमध्ये फ्लोरिडाला वॉल्ट डिस्ने वर्ल्डला आठ दिवस गेलो होतो. ह्यांनी निघायच्या आधीच जाहीर करून टाकलेलं की तिकिटं, हॉटेल लेकाचं, पण जेवणं माझ्याकडून, आणि बर्गर-पिझ्झा नाही, रोज एक तरी नीट बसून, ताटावर नॅपकिन घडी घालून ठेवलेला असतो तसलं जेवण. लेक म्हणाला बाबा महाग पडेल. हे म्हणाले मग पेन्शन कशासाठी असते.

तर पहिली रात्र. डिस्नेच्या हद्दीबाहेरचं एक नावाजलेलं रेस्टॉरंट, नाव घेत नाही कारण त्यांची चूक काहीच नव्हती, सगळी आमचीच. लेकाने रेटिंग बघून सव्वाआठचं टेबल घेतलं होतं. आत गेलो तर अंधार. म्हणजे रोमँटिक अंधार, मेनू वाचायला ह्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. एकही खिडकी नाही. टेबलावर काचेत मेणबत्ती, आणि आमच्या धाकटीला मेणबत्ती दिसली की "हॅपी बर्थडे" सुरू, फुंकर मारायची, वेटर परत पेटवायचा, ही परत फुंकर मारायची, तिसऱ्या वेळेला वेटरनेच हसून ती उचलून नेली. ऑर्डर दिल्यापासून मुख्य जेवण यायला जवळजवळ पन्नास मिनिटं लागली, अशा ठिकाणी लागणारच, तिथे सावकाश जेवायलाच येतात लोक, पण सहा वर्षांच्या पोराला पन्नास मिनिटं म्हणजे एक वर्ष असतं. मधला टेबलाखाली गेला. मोठीने तोंड फुगवलं. धाकटीला कडेवर घेऊन मी बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीवरची आग विझवायची लाल नळकांडी बघत फिरत होते, एकूण किती होती ते अजून सांगू शकते, चार. माझं जेवण आलं तेव्हा मी तिथे नव्हते आणि मी आले तेव्हा ते गार झालेलं. बाकीचे म्हणाले चव फारच छान होती. असेल.

त्या रात्री हॉटेलवर परत येऊन सूनबाई म्हणाली, "आई, आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. जेवण कसंय ते नंतर बघू, जेवण येईपर्यंत मुलं काय करणार ते आधी बघू." तिचं वाक्य मी आठवडाभर सगळ्यांना माझंच म्हणून ऐकवलं. पुढच्या बुकिंगचे दिवस आणि वेळा आम्ही त्याच रात्री बसून परत हलवल्या, आणि खाली जे लिहितेय ते त्या हलवाहलवीनंतरचं आहे. मी प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा खिडकी बघितली. खिडकी म्हणजे खरी खिडकीच पाहिजे असं नाही, मान वळवून बघण्यासारखं काहीतरी.

बुकिंगचं आधी सांगून टाकते कारण इथेच निम्मे लोक अडकतात. डिस्नेच्या रेस्टॉरंट्सचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्याच हॉटेलात राहत असाल तर चेक-इनच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी जेवणं एकाच बैठकीत करता येतात, म्हणजे तुमच्या आठव्या दिवसाचं टेबल तुम्हाला ६७ दिवस आधी मिळतं आणि बाहेर राहणाऱ्याला नाही मिळत. साइट तिथल्या सकाळी सहाच्या सुमारास उघडते. भारतातून करणार असाल तर ते दुपारचे साडेतीन, आणि तिकडे हिवाळ्याचं घड्याळ असेल तर साडेचार. सात जणांचं टेबल मिळणं चौघांच्या टेबलापेक्षा बरंच अवघड असतं, आम्हाला एका ठिकाणी चार आणि तीन अशी दोन टेबलं घ्यावी लागली आणि तिथे गेल्यावर त्यांनी शेजारीशेजारी दिली, पण ते नशीब, त्याच्यावर विसंबू नका. पण मिळालं नाही म्हणून रडत बसू नका, रोज बघत राहा, लोक रद्द करत असतात. कार्ड आधी घेतात. जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर काही नाही, न सांगता गेलाच नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात, सात जणांचे ७०. मुलांबरोबर दोन तास आधी कोणाला माहीत असतं कोण रडणार आहे ते, पण नियम तसा बरा आहे.

आता सानाआ. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ कलाकृती असा आहे म्हणे. हे ॲनिमल किंगडम लॉज नावाच्या हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर डिस्नेच्या अतिमहाग "सिग्नेचर" यादीत हे नाही, त्याच्या एक पायरी खालचं आहे, पण आमच्यापुरतं हे पहिल्या नंबरचं. कारण खिडकी. पूर्ण भिंतभर काच आणि काचेपलीकडे मोकळं गवताळ रान, त्यात जिराफ, झेब्रे, शिंगवाली हरणं फिरतायत. चित्र नाही, स्क्रीन नाही, खरे. आम्ही बसलो तेव्हा पहिली दहा मिनिटं काहीच नव्हतं, मधला म्हणायला लागला कुठेयत कुठेयत, आणि मग एक जिराफ अगदी सावकाश, जणू त्याचं पण रिझर्वेशन आहे, असा समोरून गेला. धाकटी हाय चेअरमध्ये ताठ झाली. हातातला नानचा तुकडा तसाच. पुढचा पाऊण तास त्या पोरीने एकदाही मोबाइल मागितला नाही, आणि ज्यांच्या घरी तीन वर्षांचं मूल आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

एक महत्त्वाचं, इथे अंधार पडायच्या आत जायचं. अंधार पडला की काचेत स्वतःचंच तोंड दिसतं, बाकी काही नाही. एप्रिलमध्ये तिथे पावणेआठपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेपाचलाच मावळतो, त्याप्रमाणे वेळ घ्या. आम्ही दुपारी साडेतीनचं घेतलं होतं, ना धड दुपारचं जेवण ना रात्रीचं, पण म्हणूनच गर्दी कमी आणि खिडकीजवळचं टेबल मिळालं. ते मागितल्यावर मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातं. आणि जेवण झाल्यावर लगेच निघायचं नाही, बाहेर जनावरं बघायला कठडा आहे, तिथे अर्धा तास फुकट.

खाण्याचं म्हणाल तर तिथली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ब्रेड सर्व्हिस. मला वाटलं पाव असेल. आले काय तर नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, आणि बरोबर नऊ वाट्या, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, काकडीचं रायतं, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं असं सगळं. अमेरिकन लोक त्याचे फोटो काढत होते. हे म्हणाले, "एवढा समुद्र ओलांडून आलो, आणि पुढ्यात काय, तर कुलचा." पण सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्लं. आणि एक सांगते, पाच दिवस चीज खाऊन झाल्यावर चिंचेची चटणी जिभेला लागली तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, तिखटामुळे नाही. लहान मुलांना हे बरं पडतं कारण तोडायचं, बुडवायचं, खायचं, काट्या-चमच्याचं नाटक नाही, आणि लवकर येतं. मुलांना घेऊन गेलात की बसल्याबसल्या पहिलं हेच मागवा, बाकीचं वाचत बसा मग.

नंतर कॅलिफोर्निया ग्रिल. हे खरं महागडं. कंटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर, १९९५ पासून आहे. हॉटेल तर १९७१ चं, डिस्ने वर्ल्ड उघडलं त्याच वर्षीचं, आणि ह्या हॉटेलच्या पोटातून मोनोरेल जाते, अक्षरशः इमारतीच्या आतून, त्यामुळे मधल्याची करमणूक खालच्या मजल्यांवरच सुरू झाली, त्याला वर न्यायला ओढावं लागलं. नावनोंदणी दुसऱ्या मजल्यावर करायची आणि मग ते लोक लिफ्टने वर सोडतात. वर चहूबाजूंनी काच आणि समोर मॅजिक किंगडम पार्कचा किल्ला. रात्री किल्ल्यावर आतषबाजी होते तेव्हा रेस्टॉरंटमधले दिवे मंद करतात, तिथलंच संगीत आत स्पीकरवर लावतात, आणि बाहेरच्या गच्चीवर उभं राहून बघता येतं.

आता इथे सगळे काय करतात, आतषबाजीच्या वेळचंच टेबल पकडायला धावतात. नऊच्या आतषबाजीसाठी आठचं टेबल. तीन कोर्सचं ठरलेलं जेवण, आठला बसायचं, म्हणजे मुलांच्या झोपेच्या वेळेला सूप. आम्ही पहिल्या रात्रीचा धडा घेतलेला, त्यामुळे सूनबाईने शोधून काढलं की त्याच दिवशी आधी जेवून गेलात तरी बिलाची पावती दाखवून आतषबाजीच्या वेळेला परत वर येता येतं. म्हणून आम्ही सव्वापाचला जेवलो. टेबलं अर्धी रिकामी, वेटरला आमच्याशी बोलायला वेळ, लख्ख उजेड, मुलं ताजीतवानी. मोठीने सुशी मागवली आणि आजोबांना चॉपस्टिक कशा धरायच्या ते शिकवलं, हे तिच्या हाताखाली शिकत होते आणि घास तीनदा ताटलीत पडला, पण दोघंही इतकी रंगलेली की मी माझा फोन काढून तेवढाच एक फोटो घेतला, बाकी जेवणाचा एकही फोटो नाही. मग पावती पर्समध्ये घालून खाली आलो आणि मोनोरेलमध्ये बसलो. तिच्यात बसायला पैसे लागत नाहीत, ती हॉटेलं आणि पार्कच्या मधून गोल फिरते, आम्ही दोन फेऱ्या मारल्या. साडेआठला पावती दाखवून परत वर.

खरं काय झालं तेही लिहिते. आतषबाजी सुरू झाली तेव्हा धाकटी बाबागाडीत गाढ झोपलेली. आणि आमचे हे आतल्या खुर्चीवर बसल्याबसल्या डोकं मागे टाकून. मधला गच्चीवर कान दाबून आणि डोळे मोठे करून उभा, आणि मोठी माझ्या दंडाला धरून. सातातले पाच जागे, माझ्या हिशोबात पास.

ह्यांना झोप का लागली तेही सांगते, पार्कमध्ये दिवसाला सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं, आजी-आजोबांनी हे धरूनच संध्याकाळचं ठरवावं. डिस्नेचा सगळा परिसर शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला जायला सरळ बस नसते, आधी एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्स नावाच्या त्यांच्या बाजाराच्या भागाला जायचं आणि तिथून दुसरी बस. आम्हाला एकदा सव्वा तास लागला. सात जणांना एक टॅक्सी सहजी मिळत नाही, वर मुलांच्या कार सीटची भानगड. म्हणून ज्या दिवशी जे पार्क त्याच्या जवळचंच रेस्टॉरंट घ्या. मॅजिक किंगडमच्या दिवशी कॅलिफोर्निया ग्रिल, कारण दारापासून चालत दहा मिनिटं. ॲनिमल किंगडमच्या दिवशी सानाआ. भाड्याची गाडी असेल तर मात्र प्रश्न नाही, गेटवर रिझर्वेशन सांगितलं की हॉटेलच्या पार्किंगमध्ये आत सोडतात.

स्पेस २२० बद्दल घरात दोन पक्ष आहेत. हे एपकॉट पार्कच्या आत आहे त्यामुळे त्या दिवशीचं पार्कचं तिकीट लागतंच, फक्त जेवायला म्हणून जाता येत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उघडलेलं. कल्पना अशी की तुम्ही पृथ्वीपासून २२० मैल वर, म्हणजे साधारण साडेतीनशे किलोमीटरवरच्या अवकाश स्थानकात जेवताय. आत जायची "लिफ्ट" आहे, गोल खोली, पायाखाली आणि डोक्यावर गोल खिडकी, दार बंद झालं की खाली एपकॉट लहान लहान होत जातं, मग फ्लोरिडाचा किनारा, मग ढग. लिफ्ट जागची हलत नाही, सगळं पडद्यावर. पण मधल्याने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. आत भिंतभर मोठा पडदा, त्यात पृथ्वी, आणि अधूनमधून अंतराळवीर तरंगत जातात. म्हणजे खिडकी खोटी आहे. हे म्हणाले टीव्हीसमोर बसवून जेवायला घालण्यासारखंच झालं की, घरी ओरडता ना तुम्ही मुलांना. मुद्दा बिनतोड होता, मी गप्प बसले. पण मधल्याला विचारलंत तर ट्रिपमधली सर्वात भारी गोष्ट हीच, अजून तो पाणी पिताना ग्लास हळूहळू वर नेतो, तिथे वजन नसतं म्हणून. ठरलेल्या दराचं जेवण आहे, चव चांगली, लक्षात राहील अशी नाही. पाच ते नऊ वयाची मुलं असतील तर जा. धाकटीच्या वयाला अंधारामुळे थोडी भीती वाटली, पाच मिनिटांनी सरावली.

टोपोलिनोज टेरेस, रिव्हिएरा हॉटेलच्या गच्चीवर. ह्याच्यात एक मेख आहे. सकाळच्या नाश्त्याला मिकी, मिनी, डोनाल्ड आणि डेझी येतात, कलाकारांच्या वेशात, मिकी चित्रकार वगैरे. रात्री हेच रेस्टॉरंट मोठ्यांचं महागडं होतं आणि मिकी नसतो. आमच्या लेकाने आधी रात्रीचं केलेलं, मुलांना सांगून बसलेला मिकी भेटणार म्हणून, वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. पावणेआठचा नाश्ता केला. इथे खिडकी लागतच नाही कारण दर थोड्या वेळाने एक मोठं कान असलेलं कोणीतरी टेबलाशी येतं. मोठी आधी "मी आता मोठी झाले" म्हणून लांब उभी राहिली आणि मग डोनाल्डबरोबर सगळ्यात जास्त फोटो तिचेच. जेवणापेक्षा नाश्ता नेहमीच स्वस्त पडतो आणि मुलांचा मूड सकाळी चांगला असतो, आजोबांचाही.

आता ते दहाचं प्रकरण. डिस्नेच्या हिशोबात ३ ते ९ हे मूल आणि १० म्हणजे मोठा माणूस. ठरलेल्या दराच्या जेवणाला हा फरक भलताच जाणवतो, आणि ही ठिकाणं बरीचशी ठरलेल्या दराचीच आहेत. म्हणजे आमची मोठी, जिने त्या नाश्त्याला अर्धा वॉफल आणि तीन स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या, तिचे पैसे ह्यांच्याएवढेच. ती मात्र बिलात "ॲडल्ट" वाचून इतकी फुलली की लेकाने पावती तिलाच देऊन टाकली, तिच्या वहीत चिकटवलीय. ३ च्या खालच्याला पैसे नाहीत, मोठ्यांच्या ताटातलं खायचं. आमची धाकटी दोन महिन्यांनी वाचली. वयं जवळ येत असतील तर ट्रिपची तारीख ठरवताना वाढदिवस बघा, मी थट्टा करत नाहीये.

टीपचं पण लिहायला हवं. सहा किंवा जास्त जण असलात तर १८ टक्के टीप बिलात आपोआप लागलेली असते. त्याच्याखाली अजून एक ओळ असते जादा टीपची, ती रिकामी ठेवली तरी चालते. ह्यांनी पहिल्यांदा नीट न बघता तिथेही भरली आणि वर वीस टक्के, वेटर धावत आला विचारायला की सर तुमचं नक्की ना. त्या पोराच्या प्रामाणिकपणाला सलाम. मेनूवरच्या दरात टॅक्सही नसतो, तो वेगळा. म्हणजे मेनूवर दिसतं त्याच्यावर साधारण पाव भाग चढवूनच हिशोब करायचा.

शाकाहारींसाठी. मी पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. मेनूवर काही पदार्थांपुढे हिरवं पान असतं, २०१९ पासून सुरू केलंय त्यांनी, त्याचा अर्थ तो पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य, दूध-तूप पण नाही. पान नाही म्हणजे मांस आहेच असं नाही, चीजचा शाकाहारी पदार्थ असेल तरी पान नसतं, त्यामुळे पानावर अडून न बसता विचारायचं. मी दोन दिवस फक्त पानं शोधून खात होते आणि मग कळलं की पनीर-चीजचं मी उगाच सोडलं. मधल्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, ते बुकिंग करतानाच लिहून ठेवता येतं, आणि बसल्यावर प्रत्येक ठिकाणी त्यांनीच परत विचारलं, ॲलर्जीवाल्यांचा वेगळा मेनू आणून दिला. सूनबाई ह्या एका गोष्टीवर पूर्ण मार्क देते. बाहेरच्या ट्रिपमध्ये ती प्रत्येक घासाला धास्तावलेली असते, इथे तिला मी पहिल्यांदा स्वतःचं ताट गरम असताना जेवताना बघितलं.

कपड्यांचं फार टेन्शन नका घेऊ. सिग्नेचर ठिकाणी स्विमिंगचे कपडे, बनियनसारखे टॉप, फाटक्या जीन्स नकोत, एवढंच. मी पंजाबी ड्रेस घातला. पार्कमधून सरळ जाणार असाल तर मुलांचा एक कपड्यांचा जोड बाबागाडीत ठेवा, कारण पाण्याच्या राइडमधून भिजलेलं मूल आणि एसी म्हणजे रात्री सर्दी. आणि बाबागाडी बाहेर ठेवायला सांगतात, झोपलेलं मूल असेल तर तसं सांगा.

एक ठिकाण आम्ही गेलो नाही आणि तेच सगळ्यात नावाजलेलं, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स, ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलमधलं. २०२४ मध्ये त्याला मिशेलिन स्टार मिळाला, म्हणजे रेस्टॉरंटांच्या जगातला मोठा मान. तिथे दहा वर्षांच्या आतल्या मुलांना प्रवेशच नाही, आणि मला हा नियम अजिबात वाईट वाटला नाही. एकामागून एक कितीतरी छोटे छोटे कोर्स, दोन-तीन तासांचं काम, तिथे धाकटीने मेणबत्ती फुंकलेली मला बघायची नाही. लेक म्हणाला आई-बाबा तुम्ही दोघं जा, आम्ही मुलांना बघतो, चाळीस वर्षांत कधी असे गेला नाहीत. माझं मन झालेलं, खोटं कशाला बोलू. पण मोठीने कुठूनतरी तो नियम वाचला आणि जेवणाच्या टेबलावर उभी राहून सांगितलं की मी दहा पूर्ण आहे, मला येता येतं, आणि आजोबांनी प्रॉमिस केलं तर मी बाकी दोघांना सांगणार नाही. बाकी दोघं तिथेच बसलेली. त्यावर मधल्याने बोटं मोजून विचारलं मी कधी दहा होणार, चार वर्षांनी, आणि धाकटी, सात वर्षांनी. हे मनातल्या मनात काहीतरी मोजत होते, ते आता एकाहत्तर. मग म्हणाले, ठीक आहे, सातही जण जाऊ, बुकिंग ६० दिवस आधी उघडतं ना, लेका लिहून ठेव.

त्या संध्याकाळी मग आम्ही हॉटेलच्याच फूड कोर्टात गेलो. धाकटीने डोसा मागितला, तो तिथे मिळत नाही. काचेच्या दाराबाहेर एक बदक बसलेलं होतं, ते बघत बघत तिने अख्खा बोल मॅकरोनी संपवला, बिल तेरा डॉलर.